वाटसरूच्या कोटाचे सात खिसे

प्रिय टाचण्या,

तुझ्या सवयी मला ठाऊक आहेत. पार्सल आधी फोडशील आणि पत्र मागाहून, पाय पसरून वाचशील. या वेळी मात्र आईचं ऐक. पार्सलमध्ये तीन वस्तू आहेत. एक खाकी कागदांचं पुडकं, त्याला सुतळी बांधली आहे. दुसरी एक वही, मापांची नव्हे, नवी कोरी आणून भरलेली. आणि तिसरी एक लांबलचक नळीसारखी वस्तू, जाड कापडात शिवून टाकलेली. ती शिवण पत्र संपेपर्यंत उसवायची नाही. मी मुद्दाम दुहेरी टीप मारली आहे, त्यामुळे चोरून उघडलीस तर सूनबाईला कळेल आणि ती मला सांगेल. आम्ही दोघी एका पक्षातल्या आहोत हे तू नेहमी विसरतोस.

तीन आठवड्यांपूर्वी रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी एका पँटची शिलाई उसवत बसले होते. गुडघे कसे आहेत, चष्म्याचा नंबर बदलून घेतलास का, अशी तुझी नेहमीची हजेरी झाली आणि मला वाटलं आता ठेवशील. तर तू म्हणालास, मी परत चित्रं काढायला लागलोय. तिशीला टेकलेला माणूस, विमा कंपनीत बसून लोकांचे दावे तपासणारा, आणि आवाज असा की दप्तरात मांजराचं पिल्लू लपवून आणलं आहे. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. जगभरातले काही हौशी लोक मिळून एक मारामारीचा गेम बनवतायत. त्यात निरनिराळ्या गेममधले नायक एका आखाड्यात उतरतात, म्हणजे चार घरची भांडखोर माणसं एका खोलीत कोंडल्यासारखंच. मतं घेतली आणि त्यात आपल्या वाटसरूचा नंबर लागला. तोच तो, बाबांनी जुन्या यंत्रासकट कुठूनतरी आणलेल्या गेममधला, कंदील घेऊन गुहा धुंडाळणारा आणि कधी कुणावर हात न उगारणारा.

आता असा सज्जन माणूस मारामारीत करणार काय, हे कुणीतरी बसून ठरवायला हवं. त्याला तुम्ही मूव्हसेट म्हणता, मी डावांची यादी म्हणते. दुसऱ्या एका पठ्ठ्याने यादी देऊनही टाकली आणि त्यात वाटसरूच्या हातात पिस्तूल ठेवलं. ते काही तुझ्या घशाखाली उतरलं नाही. शाळेत असताना तू त्याचे सगळे डाव काढले होतेस, कोटाच्या एकेका खिशातून एकेक डाव, पण आता तुला सातांतले चारच खिसे आठवत होते. महिनाअखेरीपर्यंत सातही भरून दिले नाहीत, तर पिस्तूलवाल्याची यादी पक्की होणार. फोन ठेवता ठेवता तू विचारलंस, ‘ते जुने कागद कुठे असतील का गं?’ मी म्हटलं, बघते. त्यावर तूच हसलास. ‘कुठे बघशील? घाईत कापले गेले ना ते. असू दे.’

ती गोष्ट आपल्या घरात एका दमात सांगितली जाते. शाळेच्या चाळीस शर्टांची ऑर्डर होती, नमुने कापायचा कागद संपला होता, टेबलावर खाकी कागद दिसले आणि आईने मागचापुढचा विचार न करता कात्री चालवली. मागच्या बाजूला लेकाची दोन महिन्यांची मेहनत होती हे तिच्या गावीही नव्हतं. तू ही गोष्ट फार छान सांगतोस. सूनबाईला पहिल्यांदा घरी आणलंस तेव्हाही सांगितलीस, माझ्या चालण्याबोलण्याची नक्कल करून, आणि ती हसली, आणि मीही हसले. ‘माझा नायक चाळीस पोरांच्या शर्टात गेला’ हे तुझं शेवटचं वाक्य. मग मी चहा टाकायला आत गेले होते, तुला आठवत असेल.

तर कागद मिळाले. शिंप्याच्या दुकानातून नमुना कधी बाहेर जात नाही, गिऱ्हाईक गेलं तरी त्याचा नमुना खिळ्याला लटकत राहतो. त्या शाळेने मधल्या काळात गणवेश बदलला, म्हणून तो गठ्ठा खिळ्यावरून माळ्यावर गेला. इस्त्रीवाल्याला बोलावून शिडी धरायला लावली आणि स्वतः चढले. ओरडू नकोस, चढून उतरलेसुद्धा. पाठी, बाह्या, कॉलर, कफ, सात मापांचे नमुने, सगळे सुतळीत ओवलेले. कापायच्या टेबलावर ते उलटे करून पसरले आणि पंधरा वर्षांनी वाटसरू माझ्याकडे बघत होता. सात मोठे कागद, प्रत्येकाच्या मधोमध वीतभर उंचीचा तो, दर वेळी वेगळ्या खिशात हात घातलेला. भोवती तुझं बारीक अक्षर होतं, पण कडेकडेचं बरंचसं लिखाण कातरणांबरोबर केरात गेलं आहे. कुठे अर्धं वाक्य, कुठे नुसता आकडा. माणूस होता, पण डाव कसा टाकायचा ते पुसलं गेलं होतं.

मी एकटी काही त्यात डोकं चालवू शकले नसते. पण दुसऱ्याच दिवशी कंडक्टर बाई आल्या. तू त्यांना ओळखत नाहीस. आपल्या रस्त्यावरून जाणाऱ्या बसवर असतात, पंचेचाळिशीच्या, बांधा दणकट, आणि गणवेशाचे खिसे दर दोन महिन्यांनी फाडून आणतात. खिसा शिवायला टाकून त्या टेबलाशी आल्या, कागदांवर वाकल्या आणि म्हणाल्या, अहो, हा तर वाटसरू. मी टाचण्यांचा डबा पाडायचीच बाकी होते. या बाई सुट्टीच्या दिवशी घरी दार लावून गेम खेळतात. नवऱ्याला वाटतं झोपल्या आहेत. मारामारीच्या गेममध्ये त्यांचा हात कुणी धरू शकत नाही, असं त्यांचंच म्हणणं आहे, आणि मी ते खोडून काढायच्या भानगडीत पडले नाही. तेव्हापासून पाळी संपली की त्या दुकानात येतात. तीन आठवडे आम्ही दोघींनी तुझा वाटसरू पुढ्यात घेतला आहे. शेजारचा झेरॉक्सवाला येऊन विचारून गेला की नवीन फॅशन आली आहे का.

त्यांनी मला शिकवलं की प्रत्येक डावाचे तीन भाग असतात. आधी तयारी, मग घाव, मग पुन्हा जागेवर येणं. या तिसऱ्या भागात माणूस उघडा पडतो आणि समोरचा त्याला तेव्हाच गाठतो. मला लगेच पटलं. सुई खाली जाते, टाका पडतो, सुई वर येते, आणि सुई वर येईपर्यंत कापड ओढलं तर दोरा तुटलाच. आणि हे सगळं फ्रेममध्ये मोजायचं, एका सेकंदात साठ. तुझे तेच आकडे केरात गेले होते. ते कुठून आणायचे म्हणून बाई डोकं धरून बसल्या. मी म्हटलं, त्यात काय, कोट शिवू आणि मोजू.

शिवला, टाचण्या. जाड सुती कापड होतं पडलेलं, त्याचा शिवला, तुझ्या चित्रातल्यासारखा, गुडघ्यापर्यंत, सात खिशांचा. कंडक्टर बाईंनी तो अंगात घालायचा, मी हातात त्यांचा फोन घेऊन वेळ लावायचा. खिशात हात घालून वस्तू बाहेर काढायचा इतका सराव असलेलं माणूस मला दुसरं मिळालं नसतं. हलत्या गाडीत एका हाताने दांडा धरून दुसऱ्याने सुटे काढतात त्या. प्रत्येक खिसा वीस वेळा केला आणि मधला आकडा घेतला. मग बाईंनी सगळे आकडे चारने भागले, कारण गेममध्ये माणसं आपल्या चौपट वेगाने हालतात असा त्यांचा हिशेब आहे. वहीत दोन्ही आकडे लिहिले आहेत. माझं सगळं लिखाण पेन्सिलने आहे, पटणार नाही ते खोडून टाक.

डाव्या छातीच्या खिशात शिट्टी, दोरीला अडकवलेली. तो सगळ्यांत जलद डाव आहे, सहा फ्रेमचा. लागत काही नाही, पण समोरचा दचकतो. उजव्या छातीवर होकायंत्र, खिशाला झाकण आहे म्हणून बारा. शत्रू पाठीमागे गेला असला तरी वाटसरू बरोबर त्याच्याकडे वळतो, हे तुझ्या अर्ध्या वाक्यावरून कळलं. खालच्या उजव्या खिशात लोखंडी आकडा लावलेली दोरी, डाव्यात मूठभर माती. दोरी लांबवर जाते पण गुंडाळून परत घ्यायला वेळ लागतो, तेवढ्यात मार खावा लागेल, बाईंनी तिथे तांबडी खूण केली आहे. बाहीच्या कफात खडू. हा मला फार आवडला. जमिनीवर फुली मारून ठेवायची आणि आखाड्याबाहेर फेकला गेला की वाटसरू त्या फुलीवर परत येतो. पिस्तूलवाल्याला हे सुचलं असतं का? बाई तर म्हणाल्या की या पोराला खेळ कळतो. मी म्हटलं, पोर तीस वर्षांचं आहे. पण आतून मला बरं वाटलं.

सहावा खिसा आतला, अस्तरातला, त्यात नकाशा. इथे मला तुझ्याशी थोडं वेगळं बोलायचं आहे. पंधरा वर्षांचा असताना एकदा तू दुकानात येऊन मशीनशेजारी उभा राहिलास आणि विचारलंस की आई, कोटाच्या आतल्या खिशातून वस्तू काढायला किती वेळ लागतो. मी मान वर न करता म्हटलं, रिकामटेकड्या माणसाला दिवसभर लागतो. तू गेलास. मला तेव्हा कळलं नाही की तू शिंपिणीला शिंपीकामाचा प्रश्न विचारत होतास, त्या घरात दुसऱ्या कुणाला विचारणार होतास. उत्तर आज देते. काजात बटण लावलेलं असेल तर दोन सेकंद. म्हणजे चारने भागून तुमच्या तीस फ्रेम, आणि बाईंच्या मते तेवढ्यात दोन थांबे येऊन जातात, असला डाव कुणी खेळणार नाही. म्हणून मी बटण काढून दोऱ्याचा फास केला आणि खिशाचं तोंड तिरकं घेतलं. आता वीसमध्ये होतं. नकाशा पसरला की समोरचा पुढे कुठे पाऊल टाकणार ते दिसतं. त्यासाठी वीस फ्रेम थांबायला माणूस तयार होईल.

बाईंनी एक चूक मात्र काढली होती. त्यांचं म्हणणं, वाटसरू सातही चित्रांत वाकडा उभा आहे. उजवा खांदा खाली, डावा वर. पोराचा हात तेव्हा कच्चा होता, दुरुस्त करून पाठवू, असं म्हणून त्या खोडरबर शोधायला लागल्या. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, तेवढं राहू दे. त्यांनी शोधणं सोडलं आणि पुढचा कागद ओढला. बसमध्ये रोज शेकडो माणसं बघणाऱ्या बाईला कुठे थांबायचं ते कळतं.

सातवा खिसा पाठीत आहे, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, अस्तराच्या आतून. त्या कागदावर चित्र तेवढं शिल्लक आहे, लिखाणाचं एक अक्षर नाही. आम्ही कोट घालून बघितला. वरून हात घातला, खालून घातला, डावा, उजवा, बाईंनी तर भिंतीला पाठ घासून बघितली. त्या खिशात कुणाचाच हात पोचत नाही. बाईंनी वहीत लिहायला घेतलं की सातवा खिसा चुकीच्या जागी आहे. आणि मला एकदम तुझा शाळेचा कोट आठवला, दुसरीतला. बाबांनी त्याला पाठीत असाच चोरखिसा शिवला होता आणि त्यात रोज काहीतरी ठेवायचे, कधी गोळी, कधी भिंगरी, कधी नुसतं रंगीत बटण. तू शाळेतून यायचास तो पाठमोरा, दारातून उलटा चालत, कारण तुझा हात पोचायचा नाही, मला काढून द्यावं लागायचं. मी म्हणायचे, हे काय खूळ, पोराला स्वतःला काढता आलं पाहिजे. ते म्हणायचे, मग तू कशाला आहेस. हे मी बाईंना सांगितलं. त्यांनी लिहिलेली ओळ खोडली आणि विचारलं की या गेममध्ये जोडीने लढता येतं का. येतं म्हणे, दोघांविरुद्ध दोघे. म्हणजे सातवा डाव वाटसरू एकटा टाकूच शकत नाही. जोडीदार जवळ येऊन उभा राहिला तरच तो निघतो. त्या खिशातून काय निघतं ते आम्ही ठरवलेलं नाही. ते पान कोरं आहे. ते तुलाच ठाऊक, आणि आठवत नसेल तर नव्याने ठरव.

बाकी इथे ठीक आहे. मशीनचा पट्टा बदलला, आता आवाज करत नाही, त्यामुळे मलाच चुकल्यासारखं होतं. चष्मा झाला आहे, बारीक सुईत दोरा आता पहिल्या फटक्यात जातो. कंडक्टर बाईंनी मला दोनदा आपल्या घरी नेऊन गेम खेळायला बसवलं. पहिल्या दिवशी मी अकरा वेळा हरले आणि एकदा माझाच माणूस मी खड्ड्यात ढकलला. कोट पुतळ्यावर चढवून दुकानात ठेवला आहे, दोन गिऱ्हाइकांनी तसाच शिवून मागितला. सूनबाईला सांग, तिचं माप पाठव, तिच्यासाठी शिवते, पाठीतला खिसा धरून.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते लिहिते, नाहीतर पुन्हा पंधरा वर्षं जातील. तू ते पुडकं सोडशील, तुकडे जोडशील, आणि तुझ्या लक्षात येईल. शिंप्याचा मुलगा आहेस तू. घाईत बेतणारं माणूस कागदाच्या कडेपासून बेततं, कागद वाया घालवत नाही, मी तर कधीच नाही. या सात कागदांवर प्रत्येक शर्टाची पाठ बरोब्बर मधोमध टाकली आहे आणि चारी बाजूंचा कागद फुकट गेला आहे. सातही वाटसरू अखंड आहेत, एकाच्याही अंगावरून कात्री गेलेली नाही. बाई म्हणाल्या, नशीब बघा. मी सुतळी बांधत राहिले. न बघता कापणाऱ्याच्या हातून सात वेळा असं होत नाही, टाचण्या. मी बघून कापले. त्या दिवशी शाळेत बोलावून तुझ्या वर्गाच्या बाईंनी सांगितलं होतं की सहामाहीचे दोन पेपर तू दिलेच नाहीस. भर दुपारी घरी आले तर टेबलावर हे पसरलेलं. मी कागद हातात घेतला आणि मला तो खांदा दिसला. अर्धा इंच खाली, उजवा. वीस वर्षं मी त्या खांद्याचे शर्ट शिवले, दर वेळी आत गादीचा तुकडा घालून. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तू माझ्याशी त्यांच्याबद्दल एक शब्द बोलला नव्हतास. मला वाटायचं पोरगा विसरला. आणि तू तर त्यांना कोट घालून गुहांमधून फिरवत होतास, त्यांच्याशी डाव मांडत होतास, मला वगळून. मला राग आला, तुझा आणि त्यांचाही. मी कात्री घेतली. त्यांच्यावरून ती फिरवता येईना, म्हणून तुझी अक्षरं कापली. तू शाळेतून आलास, टेबलाकडे बघितलंस, मी म्हटलं कागद संपला होता, आणि तू म्हणालास, ‘असू दे.’ पुढे तू सगळे पेपर दिलेस, पास झालास, नोकरीला लागलास, पण पेन्सिल धरली नाहीस, आणि मी ते बघत राहिले. कागद संपला नव्हता, बाळा. आदल्या आठवड्यात आणलेला अख्खा रोल कपाटात होता. तो मी कपड्यांमागे सारला आणि नंतर कधी वापरू शकले नाही, त्यावर एक रेघ मारलेली नाही, दुकानदाराचं वेष्टणसुद्धा तसंच आहे. नळीत तोच आहे. माझं चुकलं. आता शिवण उसव. तुझ्या गेमवाल्यांनी खांदा सरळ करायला सांगितला तर करू नकोस, बाकी काय करायचं ते तू ठरव. रागावलास तर रागाव, पाहिजे तर महिनाभर फोन करू नकोस, मी वाट बघेन. फक्त या वेळी असू दे म्हणू नकोस.

तुझीच,
आई